आधी तबलजी नेमा, मग एम. ए. काढा

संगीतात एम. ए. करायचं म्हटलं की बेळगावातल्या घरात पहिला प्रश्न असतो, कुठे? धारवाड जवळ, कोल्हापूरही काही लांब नाही, पुण्याचा खर्च झेपेल का? मग माध्यम, मग फी, मग पुढे नोकरीचं काय. हे प्रश्न खोटे नाहीत. पण दोन वर्षांच्या मेहनतीचं चीज होणार की नाही हे ज्यावर ठरतं, तो प्रश्न प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही आणि संस्थाही आपणहून सांगत नाहीत : तबल्याला कोण बसतं, आणि एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यात किती वेळ?

सादरीकरणाची पदव्युत्तर पदवी साथीदाराशिवाय देता येत नाही आणि देऊही नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळा नसताना रसायनशास्त्राचं एम. एस्सी. चालवायला कुठलंही विद्यापीठ धजावणार नाही. संगीतात मात्र तबलजी हा वरखर्च समजला जातो. वर्षभर मोबाइलवर वाजणाऱ्या तबल्याच्या ठेक्यावर भागवायचं आणि परीक्षा आठ दिवसांवर आली की गावातल्या एखाद्या तबलजीला बोलावायचं, ही रीत अनेक ठिकाणी इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालं आहे.

हिशोब मांडून बघू. वर्गात बारा जण, प्रात्यक्षिकाचा तास पन्नास मिनिटांचा. हजेरी आणि तंबोरे लावणं यात दहा मिनिटं गेली की उरली चाळीस. एकेकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. विलंबित म्हणजे संथ लयीच्या एकतालात एका मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम चार आवर्तनं. तेवढ्यात स्थायी मांडून होते, एखादा आलाप घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येता येतं, आणि शेजारच्याची पाळी येते. यमनचा ख्याल मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून हळूहळू उघडत पंचमापर्यंत न्यायचा तर पंधरा मिनिटं सहज लागतात. ती पंधरा मिनिटं वर्गात कुणालाच मिळत नाहीत. त्यामुळे राग असा टप्प्याटप्प्याने फुलवण्याला म्हणतात तो बढत हा शब्द विद्यार्थी लेखी पेपरात छान समजावून सांगतो, पण बैठकीत तिसऱ्या आवर्तनालाच तार षड्ज लावून मोकळा होतो. पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं, कारण पुढे जाण्याची पाळीच कधी आलेली नसते.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीवरचा कुठला स्वर षड्ज धरायचा याची. मुलग्यांचा षड्ज साधारण काळी एकला, मुलींचा काळी चारला. या दोन पट्ट्यांत बरोबर पंचमाचं अंतर आहे. मुलीचा षड्ज तोच मुलग्याचा पंचम. सगळ्यांना एकत्र शिकवायचं म्हणून शिक्षक मधली पांढरी चार धरतात. मग मुलग्याला तार षड्जासाठी त्याच्या नेहमीच्या तार गंधाराइतकं वर जावं लागतं, आणि मुलीच्या गळ्यातून मंद्र पंचम निघतच नाही, नुसती हवा येते. चार सत्रं अशी काढल्यावर मुलगा तारसप्तकात गळा आवळायला शिकतो आणि मुलगी खर्जाची मेहनत सोडून देते. दोघांनाही वाटतं, आपला आवाजच असा. आवाज तसा नसतो, वेळापत्रक तसं असतं. पट्टीनुसार दोन गट केले तर एक पैसाही जास्त लागत नाही.

आता मोबाइलच्या ठेक्याकडे वळू. घरच्या रियाजाला तो सोयीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो ऐकत नाही. गाणारा मुखड्याला, म्हणजे बंदिशीच्या समेवर येणाऱ्या पहिल्या तुकड्याला, अर्धी मात्रा आधी आला तर समोर बसलेला तबलजी मान वर करून बघतो, लय किंचित सावरतो किंवा मुद्दाम सावरत नाही. त्या एका नजरेत जे शिक्षण आहे ते यंत्रात नाही. म्हणून ठेक्याच्या यंत्रावर तयार झालेल्यांची चूक नेमकी एकाच जागी दिसते : तबलजीला लय न देता ते बंदिश उचलतात. पहिला मुखडा एका लयीत, दुसरा वेगळ्या, आणि तिसऱ्या आवर्तनात तबलजीकडे रागाने बघणं. लय मुखड्यातूनच द्यायची असते, हाताने टाळी दाखवून नव्हे. तीच गोष्ट आमदीची, म्हणजे समेवर येण्याच्या रीतीची. समेच्या तीन-चार मात्रा आधी वाक्य समेकडे वळायला लागतं, तबलजीला ते कळतं आणि तोही ठेका भरू लागतो. समोर माणूस नसेल तर आमद हा केवळ मात्रा मोजण्याचा प्रकार होतो.

परीक्षा या सगळ्यावर शिक्कामोर्तब करते. यादीत पंधरा राग, परीक्षक म्हणतात भीमपलास गा, तीन मिनिटांनी म्हणतात आता मुलतानी. यात तपासली जाते ती स्मरणशक्ती. शेवटच्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे श्रोत्यांसमोर पाऊण तासाची बैठक असावी : एक राग विलंबित-द्रुतासह अर्धा तास, दुसऱ्या रागातली छोटी चीज किंवा तराणा आठ-दहा मिनिटं, आणि शेवटी एक उपशास्त्रीय प्रकार. विद्यार्थ्याने तीन राग द्यावेत, त्यातला कुठला गायचा हे परीक्षकांनी आदल्या दिवशी सांगावं. तीन परीक्षकांपैकी एक तबल्याचा किंवा पेटीचा असावा, कारण गाणाऱ्याने साथीदाराला कसं वागवलं हे त्यालाच अचूक कळतं. आणि बैठकीआधी दहा मिनिटं तंबोरा लावायला, उमेदवाराने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय.

तंबोऱ्याची ही अट क्षुल्लक वाटेल, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठी उणीव इथेच सापडते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर वाढलेला कान सूर ओळखतो, पण तो लावू शकत नाही. जोडीच्या दोन तारांपैकी एक केसभर खाली असेल तर दोन्हींत एक मंद लाट ऐकू येते. खुंटीने जवळपास आणायचं, तारेत ओवलेल्या मण्याने ती लाट थांबवायची, मग पंचम, मग खर्ज. आणि खर्जातून गंधार आपोआप ऐकू येईपर्यंत सोडायचं नाही. तो गंधार ऐकू आला नाही तर दोष बहुतेक वेळा खुंटीचा नसतो, जवारीचा, म्हणजे तार घोडीवर जिथे टेकते त्या जागेचा असतो. घोडी आणि तार यांच्यामधला सुती दोरा गव्हाच्या दाण्याइतका सरकला तरी आवाज बंद होतो. बेळगावच्या पावसाळ्यात हे रोजचंच. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकडात उतरतो, काल उघडा असलेला तंबोरा आज मुका. दोरा सरकवून बघणं विद्यार्थ्याला आलंच पाहिजे. घोडी घासणं मात्र कारागिराचंच काम, तिथे हौसेने कानस लावायची नाही. कारागीर काही दूर नाहीत. तंबोऱ्यांचं मिरज रेल्वेने काही तासांवर आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. विभागाने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, मिरजेच्या कारागिराला बोलावून सगळे तंबोरे दुरुस्त करून घ्यावेत आणि विद्यार्थ्यांना शेजारी बसवावं. त्या दोन दिवसांत ध्वनिशास्त्राचा अख्खा पेपर डोळ्यांसमोर उलगडतो.

पेटीच्या बाबतीत तर बेळगावाने कुणाकडे हात पसरायचं कारण नाही. कागवाडला जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) बेळगावातच राहिले, इथेच त्यांनी शिष्य घडवले. पेटीवादक विठ्ठलराव कोरगावकरांचं नावही इथलंच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळातही या वाद्याची साधना इथे मोडली नाही. ज्या गावाची ओळखच साथीच्या वाद्यावर उभी आहे, त्या गावात पदव्युत्तर अभ्यास निघतो तेव्हा साथसंगत हा मुख्य विषय म्हणून का नसावा? पाश्चात्त्य देशांत साथीच्या पियानोवादनात स्वतंत्र पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्याकडे पेटी शिकणाऱ्याला एकल वादनाचे कायदे-नियम पाठ करावे लागतात, पण गायकाच्या मागे किती अंतराने राहायचं, आलापात जागा भरायची कधी आणि गप्प बसायचं कधी, मींडीचा सूर पेटीवर येत नाही तेव्हा काय टाळायचं, हे अभ्यासक्रमात कुठेच नसतं. साथसंगतीचं एम. ए. सुरू झालं तर गायनाच्या विद्यार्थ्यांना साथीदार मिळतील आणि साथीच्या विद्यार्थ्यांना गायक. दोन विभागांचा अर्धा खर्च तिथेच वाचतो.

खर्चाचाच मुद्दा पुढे येतो म्हणून तोही सांगतो. बारा विद्यार्थी, प्रत्येकाला आठवड्याला दोन तास साथ, म्हणजे चोवीस तास. बारा-बारा तासांचे दोन तबलावादक पुरतात. त्यांना तासांवर नव्हे, सत्रावर नेमावं. तासांवर नेमलेला माणूस श्रावणातले कार्यक्रम आणि गणपतीच्या दिवसांत येऊ शकत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही, त्याचं पोट त्या कार्यक्रमांवर आहे. पदवी नाही म्हणून नेमता येत नाही, ही सबबही आता टिकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय घेता येतं. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त चार वर्षांसाठी. साहाय्यक प्राध्यापकाच्या नेमणुकीतही संगीतासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पीएच. डी.च्या जोडीला आकाशवाणीच्या ‘ए’ श्रेणीच्या कलाकाराचा पर्याय नियमांत आहे. दार उघडं आहे. आत कुणाला घ्यायचं याची इच्छा हवी.

काही जाणकार म्हणतील, पदवीचा अट्टहास कशाला, मल्लिकार्जुन मन्सूर काय, भीमसेन जोशी काय, कुठल्या विद्यापीठात शिकले? खरं आहे. पण ते जिथे शिकले तिथे साथ होती, गुरू समोर होते आणि वेळ मोजला जात नव्हता. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा मुलगा, १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकळी म्हणजे कुमार गंधर्व, शिकला तो मुंबईत प्रा. बा. र. देवधरांच्या विद्यालयात. संस्थेने त्यांचं गाणं मारलं नाही. गाणं मारतो तो साडेतीन मिनिटांचा तास.

आता वृंदाच्या संचालनाकडे, म्हणजे वादक-गायकांच्या समूहाला हातांनी लय दाखवत चालवण्याकडे वळतो, कारण तिथेही दुखणं हेच आहे. पाश्चात्त्य संगीतात ऑर्केस्ट्रा आणि गायनवृंद यांच्या संचालनात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, हे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना हळूहळू कळू लागलं आहे. परदेशी संस्थेत अर्ज करताना बहुतेक ठिकाणी चित्रफीत मागतात. कॅमेरा वृंदाच्या बाजूने, म्हणजे संचालकाचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, आणि स्वभावाने भिन्न अशा दोन रचना. त्यातून निवड झाली तर प्रत्यक्ष वृंदासमोर काही मिनिटं, शिवाय कानाची परीक्षा आणि पियानोवर स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली प्रत, वाचणं. आता ही चित्रफीत आपल्या विद्यार्थ्याने कुठून आणायची? संचालकाचं वाद्य म्हणजे समोर बसलेली माणसं. आरशासमोर हात हलवून ते वाजत नाही.

आरशासमोर शिकलेल्याच्या चुका पहिल्या मिनिटात दिसतात. डावा हात उजव्याची नक्कल करत राहतो. खरं तर डाव्याचं काम वेगळं, कुणी कधी सुरू करायचं आणि किती हळू वाजवायचं ते दाखवण्याचं. चार मात्रांच्या तालात हात खाली, आत, बाहेर, वर असा जातो, पण मात्रा नेमकी कुठल्या बिंदूवर पडली ते दिसलं पाहिजे. हात गोल फिरत राहिला तर चौदा वादक चौदा ठिकाणी वाजवतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सुरुवातीच्या आधीचा उठाव. तो हात ज्या गतीने वर जातो तीच लय वादकांना मिळते. मुखड्यातून तबलजीला लय देणं आणि उठावातून वृंदाला लय देणं हे एकच काम आहे. ज्याने पहिलं जिवंत माणसाबरोबर केलंय त्याला दुसरं लवकर येतं.

आणि बेळगावात वृंदाला लागणारी माणसं आहेत, फक्त ती एकमेकांना ओळखत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे, त्याची बँडपरंपरा आहे. वरातीत वाजवणारे ब्रास बँड आहेत, त्यांत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर उत्तम हात असलेले वादक आहेत. चर्चमधले गायनवृंद आहेत, गावोगावची भजनी मंडळं आहेत. पणजीत कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण आहे, आणि गोवा चोर्ला घाटापलीकडेच आहे. आकाशवाणीचं वाद्यवृंद १९५२ पासूनचं. रागसंगीत वृंदात बसवायचं म्हणजे काय याचा अनुभव देशाच्या गाठीला आहे. तेव्हा दोन वर्षांच्या अभ्यासात वृंदसंचालनाचा एक प्रात्यक्षिक पेपर सगळ्यांना असावा. चार व्हायोलिन, दोन बासऱ्या, दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, सतार, पेटी, तबला, पखवाज आणि झांज-मंजिरी. चौदा माणसं, आठवड्याला दोन तास. प्रत्येक विद्यार्थ्याला दहा मिनिटं हातात वृंद मिळावा आणि ती दहा मिनिटं समोरून चित्रित व्हावीत.

सुरुवातीला बिघडेल ते ठरलेलं आहे. क्लॅरिनेटवाला लिहिलेला ‘सी’ वाजवेल आणि ऐकू येईल ‘बी फ्लॅट’, कारण ते वाद्य लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतं. त्याचा कागद वेगळा लिहावा लागतो. बासरीला पट्टी बदलता येत नाही, पट्टीगणिक बासरी वेगळी, म्हणून रचना निवडण्याआधी बासऱ्या कुठल्या आहेत ते बघायचं. पेटीचे स्वर ठरलेले, व्हायोलिनवाल्याचा कोमल गंधार त्याच्या रागाचा; दरबारीसारखा राग पहिल्या वर्षी वृंदाला देऊच नये, भूप किंवा देस द्यावा. आणि आपल्या भातखंडे स्वरलिपीत कोमल-तीव्र, मात्रा, सम सगळं दाखवता येतं, पण सातव्या वादकाने अडीच आवर्तनं गप्प बसून मग हळू आवाजात यायचं, हे दाखवायला ती अपुरी पडते. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन शिकावंच लागेल. यात आपल्या परंपरेचा काही कमीपणा नाही. ती लिपी एका गळ्यासाठी घडली, हे काम चौदा जणांचं आहे.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याला कागदोपत्री काही गोष्टी आधीच बघाव्या लागतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत, इथल्या अनेक घरांत दिल्या जातात. मंडळाचं काम १९३१ पासूनचं आणि मोठं आहे, पण मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. बी. कॉम. आणि मंडळाची विशारद परीक्षा झालेल्याला एम. ए.ला प्रवेश मिळेल की नाही हे विद्यापीठागणिक बदलतं. तोंडी उत्तरावर विसंबू नये, लेखी घ्यावं. साहाय्यक प्राध्यापकपदाच्या नेटसाठी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि पंचावन्न टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पन्नास. कर्नाटकात पदवी घेऊन महाराष्ट्रात जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांची धावपळ निकाल लागला त्याच आठवड्यात सुरू करावी, नाहीतर पहिल्या सत्राची परीक्षा अडकते. लेखी पेपर मराठीत लिहिता येईल का, हेही प्रवेशाआधी विचारायचं.

गाण्यापुरतं बोलायचं तर मात्र भाषेची भिंत आपण उगाच उंच करतो. ख्यालाच्या बंदिशी मराठीतही नाहीत आणि कानडीतही नाहीत. शेवटी अभंग की वचन हा झगडा मन्सूरांनी कानडी शरणांची वचनं गाऊन आणि भीमसेनांनी अभंगाबरोबर कानडी हरिदासांची पदं गाऊन केव्हाच मिटवला आहे. पाऊण तासाच्या बैठकीत उपशास्त्रीय म्हणून अभंग, नाट्यगीत, वचन किंवा दासवाणी यांतलं काहीही चालावं, आणि दोन वर्षांत प्रत्येकाने दोन्ही भाषांतली किमान तीन-तीन पदं अर्थासकट बसवावीत. खानापूरच्या मुलीने अक्कमहादेवीचं वचन नीट उच्चारांनी म्हणावं आणि बैलहोंगलच्या मुलाने तुकोबांचा अभंग, यासाठी कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही. उच्चार सुधारायला शेजारच्या बाकावरचा मित्र पुरतो.

ज्यांना यंदा प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी माहितीपुस्तिकेवर जाऊ नये. परीक्षेचे दिवस नसताना, सत्राच्या मध्यावर एखाद्या मंगळवारी दुपारी विभागात जावं. भिंतीवरचं वेळापत्रक वाचावं आणि त्यात तबलावादकाचं नाव आहे का, दर आठवड्याला किती तास आहे ते बघावं. मग वर्गातल्या एखाद्या तंबोऱ्याच्या तारा हळूच छेडाव्यात. महिनाभर कुणी हात लावलेला नसेल तर ते पहिल्याच स्वरात कळतं.